नाव मुलाचे, सही पालकाची!

महाराष्ट्रात अल्पवयीनाचे नाव बदलावयाचे, तर राजपत्रासाठी अर्ज पालकाने करावयाचा. जन्मभर ते नाव वागवावयाचे मात्र मुलाने! “पोरांना काय कळते?” असे म्हणणारांस आमचा साधा सवाल आहे. समज आलेल्या मुलाची पसंती पालक नेमताना न्यायालयास विचारात घेता येते, असे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सांगतो. पालकाविषयी ज्याचे मत ग्राह्य, ते स्वतःच्या नावाविषयीच अग्राह्य कसे? इंग्लंडात तर १६ व्या वर्षी मुलास स्वतःच्या सहीने नाव बदलता येते. पोरखेळाचे भय आम्हांसही वाटते. म्हणूनच पालकाची सही गाळा, असे आम्ही म्हणत नाही. तिच्याशेजारी जाणत्या मुलाचीही घ्या, एवढेच आमचे मागणे. बारशाच्या दिवशी ते मुके होते, आज नाही.