‘जॉब’ : नोकरी, मजुरी की उक्ते काम?

‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘नोकरी करतो’ असे उत्तर हल्ली क्वचितच ऐकू येते. ‘जॉब करतो’ असेच बहुतेक जण सांगतात. बँकेतला अधिकारी जॉब करतो, कापडाच्या दुकानात दिवसभर घड्या घालणारी मुलगी जॉब करते आणि पाठीवर खोके बांधून घरोघर जेवण पोहोचवणारा मुलगाही जॉबच करतो. ऐकणारा समाधानाने मान डोलावतो आणि पुढचे काही विचारत नाही.

इंग्रजी शब्दांवर बहिष्कार घाला, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. टेबल, स्टेशन, तिकीट हे शब्द आपलेच झाले आहेत, आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तर असा आग्रह धरूच नये. माझे म्हणणे एवढेच, की ‘जॉब’ या एका शब्दाच्या पोटात दोन अगदी निराळे अर्थ आहेत. ते आपण एकत्र कालवल्यामुळे फसगत होते ती कष्ट करणाऱ्याची.

मुळात इंग्रजीत सोळाव्या शतकात हा शब्द सापडतो तो ‘कामाचा तुकडा’ या अर्थाने. तुकडा संपला की काम संपले. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या सुप्रसिद्ध शब्दकोशातही ‘जॉब’ला मान नाही, क्षुल्लक, अधूनमधून मिळणारे काम असाच त्याचा अर्थ तेथे दिला आहे. पगाराची कायम जागा हा अर्थ बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. आपण मात्र हा दुसरा अर्थ तेवढा उचलला आणि पहिला विसरलो.

व्यापाराची भाषा पहिला अर्थ विसरलेली नाही. आमच्या परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात ‘जॉब कॉस्टिंग’चे प्रकरण आहे. त्यातला जॉब म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेली एक ऑर्डर. तिला क्रमांक द्यायचा, तिच्या पत्रकावर माल किती, मजुरी किती, वरखर्च किती हे लिहायचे आणि ऑर्डर पुरी झाली की पत्रक बंद करायचे. लंडनच्या शेअर बाजारात १९८६ पर्यंत ‘जॉबर’ नावाचे व्यापारी होते. स्वतःच्या नावावर शेअर घ्यायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा. यातल्या कशातच महिन्याचा पगार नाही.

या दोन अर्थांची गाठ कोठे पडते हे पाहायचे असेल तर सुरतेच्या पांडेसरा भागात जावे. तेथील औद्योगिक वसाहतीत रंगाई-छपाईच्या गिरण्या ओळीने उभ्या आहेत. माझे मामा इचलकरंजीहून तेथे गेले, त्यामुळे सुट्टीत माझे जाणे होते. यंत्रमागावर विणलेले कोरे कापड, ज्याला तेथे सगळे ‘ग्रे’ म्हणतात, ते या गिरण्यांत येते. धुऊन, रंगवून, छापून परत जाते. कापड बहुतेक वेळा गिरणीच्या मालकीचे नसते. ते बाजारातल्या व्यापाऱ्याचे असते आणि गिरणी त्यावर मीटरमागे दर घेऊन प्रक्रिया करून देते. याला ‘जॉब वर्क’ म्हणतात. म्हणजे पांडेसऱ्यात गिरणीही जॉब करते आणि गिरणीतला माणूसही जॉब करतो!

आता गिरणीच्या जॉबची काळजी कशी घेतली जाते ते पाहा. कापड आत येताना चलान, बाहेर जाताना चलान. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात ‘जॉब वर्क’ची स्वतंत्र व्याख्या आहे : दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या मालावर केलेली प्रक्रिया. असा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तेथूनच पुढे विकला गेला पाहिजे, नाही तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवला असे धरले जाते. हाच कायदा असेही सांगतो, की नोकराने नोकरीचा भाग म्हणून मालकाला दिलेली सेवा हा करपात्र पुरवठा नव्हे. म्हणजे जॉब वर्क वेगळे आणि नोकरी वेगळी, हे कायद्याला पक्के ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आपल्या बोलण्याला.

आणि माणसाच्या जॉबचे काय? मामांच्या सोसायटीत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांतले वडीलधारे सकाळी निघताना आपल्या अहिराणीत ‘कामले जास’ म्हणतात. त्यांची मुले ‘जॉबला जातो’ म्हणतात. गिरणी तीच, बारा तासांची पाळी तीच. शेजारचा एक मुलगा, माझ्याच वयाचा, असाच एका गिरणीत जॉबला होता. यंत्रात बोट सापडले आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. तो दवाखान्याच्या खर्चाचे विचारायला गेला तेव्हा कचेरीत उत्तर मिळाले, ‘तू आमचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस.’ ठेकेदार म्हणाला, ‘तो जॉब संपला. दुसरा आला की बोलावतो.’ दोन वर्षे हा मुलगा ज्याला नोकरी समजत होता, ते समोरच्याच्या हिशेबी कामाचे तुकडे होते. त्याच्याजवळ नेमणुकीचा कागद नव्हता, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक नव्हता, विमा योजनेचे कार्ड नव्हते. गिरणीत आलेल्या प्रत्येक ताग्याचे चलान होते. या मुलाचे नव्हते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

हे दुखणे जुने आहे. मुंबईच्या गिरणगावातही ‘जॉबर’ होताच. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला दारातून परत पाठवायचे हे तो ठरवी आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली. पण त्या काळचा कामगार निदान हे ओळखून होता, की कायम वेगळा आणि बदली वेगळा. ‘मी बदली आहे’ असे तो स्वतःच सांगे. आज कायम, बदली, ठेक्याचा, तासावरचा अशा सगळ्यांना एकच शब्द पुरतो.

खरे तर आपल्या भाषा या बाबतीत मुळीच दरिद्री नाहीत. महिन्याला पगार ती नोकरी. रोज हजेरी आणि रोजचा दाम ती रोजंदारी. सबंध काम ठरावीक रकमेत अंगावर घेतले तर ते उक्ते. इचलकरंजीत व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला ‘खर्चीवाला’ म्हणतात; पांडेसऱ्याच्या जॉब वर्कला याहून नेमका मराठी शब्द सापडणार नाही. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांकडेही ‘केलस’ म्हणजे काम, ‘कूली’ म्हणजे मजुरी आणि ‘उद्योग’ म्हणजे रोजगार असे शब्द आहेत. हा ‘उद्योग’ मात्र मराठी माणसाला चकवतो, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ कारखानदारी, नाही तर ‘नसते उद्योग’! महाराष्ट्राने १९७७ साली ज्या हमीला ‘रोजगार हमी’ म्हटले, तसल्याच २००५ च्या केंद्रीय योजनेला कन्नडात ‘उद्योग खात्री’ म्हणू लागले. हे शब्द वापरताच काम कोणत्या प्रकारचे आहे ते आपोआप कळते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खोटा वाटत नाही. ‘मजुरी’ म्हटले की आपला समाज माणसाला खालच्या पायरीवर बसवतो. लग्नाच्या बैठकीत ‘रोजंदारीवर आहे’ असे कोण सांगणार? ‘जॉब’ या शब्दाने त्या मुलाला ताठ मानेने बोलता येते. तेवढेही त्याच्याकडून का काढून घ्यावे? प्रश्न रास्त आहे. पण शब्दाचा मान बैठकीपुरता टिकतो, आणि बोट कापले त्या दिवशी कागद लागतो. मजुरीला कमी लेखणे ही आपली खोड आहे. ती सोडण्याऐवजी आपण मजुराला इंग्रजी पांघरूण घालतो, आणि त्या पांघरुणाचा फायदा ठेकेदाराला होतो.

आमच्या वर्गातले निम्मे तरी मित्र पदवी हाती पडताच पुणे, बेंगळुरू, सुरत अशा शहरांकडे निघतील. त्यांनी ‘जॉब’ हा शब्द खुशाल वापरावा. फक्त तो मिळाल्याचे पेढे वाटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : माझा मालक नेमका कोण? पगार महिन्याचा, रोजाचा की नगाचा? आणि याचा कागद कोठे आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि मालकाने कामगाराला नेमणूकपत्र द्यावे अशी तरतूद त्यांत आहे. पण कायद्याने दिलेला कागदही मागितल्याशिवाय हाती पडत नाही, आणि मागायचा तर आपण कोण आहोत हे आधी ठाऊक हवे. वाणिज्य शिकलेल्या मुलांनी एवढे तरी करावे : घरातल्या, शेजारच्या कोणी ‘जॉब लागला’ म्हणून सांगितले की अभिनंदन करावे आणि लगेच विचारावे, ‘नेमणूकपत्र दिले का?’