पाठीवरचे नाव

तालुक्याच्या सामन्यांना चार दिवस उरले होते आणि खोखोच्या मुलांच्या जर्सींचे खोके शिक्षकखोलीत येऊन पडले. पंधरा जर्सी. मुलांनी खोके आमच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतले. पहिल्या दोन-तीन बाहेर निघेपर्यंत नुसता गलका होता. चौथी निघाली आणि सगळे हसायला लागले. पाठीवर छापले होते, 'अब्दुर्रहम'. पोरांना तेवढे पुरे. "अरे, तुझा मान गेला!" एक जण ओरडला. ज्याची ती जर्सी होती तो आठवीतला मुलगाही हसला, पण नाव आत जाईल अशी घडी घालून त्याने ती दप्तरात ठेवली. 'रहम'चा अर्थही सुंदरच आहे, उर्दू शिकवणाऱ्याला तो कुणी सांगायला नको. पण ते त्याचे नाव नव्हे.

आणखी तीन जर्सी बिघडल्या होत्या. दोन लहान मापांच्या जर्सींवर नावाची टोके बाहीच्या शिवणीत गेली होती आणि एकीवर 'अली' एवढे मोठे छापले होते की खालच्या आकड्याला ते चिकटलेच.

हे काम आम्ही मोठ्या हौसेने आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला दिले होते. लग्नानंतर घरी बसून ती हा व्यवसाय करते. तिच्याकडे छपाईयंत्र नाही, मालाचा साठाही नाही. तिने दुकान ऑनलाइन मांडले आहे. गिऱ्हाईक नाव भरते, फाईल छपाई करणाऱ्या कंपनीकडे जाते, तिथे तेवढाच नग छापून पाठवला जातो. कंपनीला फोन केला तर उत्तर आले, "फाईल जशी आली तशी छापली." पॉलिस्टरवर उष्णतेने उतरवलेला हा रंग धाग्यातच मुरतो, तो पुसून दुसरे काही छापता येत नाही. चार जर्सी तिने पदरच्या पैशाने पुन्हा करून घेतल्या आणि त्या ऑर्डरचा नफा तिथेच संपला. "मॅडम, सासूबाईंना अजून सांगितलं नाही," एवढेच ती म्हणाली.

खरे सांगायचे तर चूक आमचीही होती. जर्सीचे चित्र तिने आधी मोबाईलवर पाठवले होते. छातीवर शाळेचे नाव उर्दूतही होते, आणि तिच्या पडद्यावर त्याची अक्षरे सुटी सुटी झाली होती, वर डावीकडून उजवीकडे मांडलेली. ते आम्ही तत्काळ पकडले. उर्दूकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले, मराठीकडे पाहिलेच नाही. आपल्या भाषेत काय बिघडणार, असे मनात असावे!

मग दोन संध्याकाळी आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो. तिने पाठीची सबंध बाजू एकच चौकट धरली होती आणि तिच्यात नाव व आकडा एकाखाली एक भरले होते. नाव मोठे झाले की आकडा खाली सरके, छोटे असले की जागा भरण्यासाठी अक्षरे फुगत. बाजू एक असली तरी तिच्यावर जागा दोन हव्यात, हे आधी कागदावर पेन्सिलीने काढले. नावाची पट्टी वेगळी, आकड्याची चौकट वेगळी, मधे अर्धा इंच कोरा.

मापे तिने मोठ्या जर्सीवरून घेतली होती. आम्ही ती सर्वांत लहान जर्सीवरून घ्यायला लावली. छाती सव्वीस इंच म्हणजे पाठ जेमतेम तेरा, त्यातून दोन्हीकडच्या शिवणी वजा. म्हणून नावाची पट्टी नऊ इंच रुंद, दोन इंच उंच. छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरतात, तेव्हा फाईलमध्ये ती 2700 गुणिले 600 ठिपक्यांची झाली. आकड्याची चौकट आठ बाय सात इंच. मोठ्या मुलांच्या पाठीवर हे थोडे लहान दिसते. दिसू दे, शिवणीत जाण्यापेक्षा बरे.

आता 'अब्दुर्रहम'चे कोडे. नावाच्या रकान्यात तिने दहा अक्षरांची मर्यादा ठेवली होती, इंग्रजी नमुन्यात होती तीच. आपल्याला 'अब्दुर्रहमान' सहा अक्षरी दिसते: अ, ब्दु, र्र, ह, मा, न. संगणक मात्र काना, उकार आणि हलन्तही एकेक अक्षर म्हणून मोजतो. त्याच्या हिशेबी ती बारा होतात. दहावर त्याने कात्री चालवली आणि शेवटचा काना व 'न' गळाले. 'सिद्दीकी' डोळ्यांना तीन अक्षरी, संगणकाला आठ. वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहोत, पण जोडाक्षराची ही मोजणी आम्हालाही त्या टेबलावरच कळली.

मर्यादा वीसवर नेली. नाव लांब असेल तर अक्षरे आपोआप बारीक व्हावीत, पण एक इंचाच्या खाली नाहीत. तरीही मावले नाही तर गिऱ्हाइकाला तिथेच सांगावे की फक्त पहिले नाव लिहा. गुपचूप कापायचे नाही. उलट बाजूनेही कुंपण घातले: 'अली' कितीही छोटे असले तरी ठरलेल्या उंचीपेक्षा मोठे होणार नाही. आकड्याच्या चौकटीत दोनच आकडे, दुसरे काही टाइपच होऊ नये.

छातीचा प्रश्न निराळा होता. तिथे शाळेचे चिन्ह आणि दोन भाषांतले नाव, आणि ते कुणासाठी बदलायचे नसते. मग ते टाइप करायचेच कशाला? पारदर्शक पार्श्वभूमीचे तयार चित्र करून ती जागा कुलूपबंद केली, गिऱ्हाइकाचा हात तिथे पोचतच नाही. उर्दू आम्ही नस्तालीकमध्ये लावून, प्रत्येक नुक्ता तपासून दिली. नस्तालीक उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरते, शब्द लांबला की उंचीही जास्त लागते. मराठीला पुरलेली अरुंद पट्टी उर्दूला दिली तर शेवटची अक्षरे कापली जाणार. म्हणून तिची जागा मराठीपेक्षा दीडपट उंच ठेवली. बाहीवर आणखी एक जागा ठेवावी असे तिच्या मनात होते. छपाईवाला प्रत्येक जागेचे पैसे वेगळे लावतो हे कळल्यावर तिने ती ऐच्छिक केली आणि किंमत तिथेच लिहिली.

दुसऱ्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा पडद्यावरचे छान चित्र बाजूला ठेवून छपाईला जाणारी खरी फाईल उघडली. पडद्यावरच्या चित्रात शिवण दिसत नाही. नाव कापले गेले आहे की नाही तेही मोबाईलवर कोण वाचते?

नव्या चार जर्सी सामन्याच्या आदल्या दिवशी आल्या. संघ दुसऱ्या फेरीत हरला, तो भाग वेगळा. आता नवी वस्तू मांडली की ती आधी तीन नावे भरून पाहते: अली, सिद्दीकी, अब्दुर्रहमान. मग एक नमुना मागवते. सासूबाईंनी परवा त्यातलाच एक नमुन्याचा मग चहाला घेतला, त्यावर 'सिद्दीकी' आहे आणि त्या तांबोळी. बिघडलेल्या जर्सीचे काय केले, असे आम्ही त्या मुलाला विचारले.

"धाकटा घालतो, मॅडम. त्याचं नाव इरफान आहे, पण त्याला चालतंय."