‘थंड’ लेझर खरंच थंड असतो का?

भाकरी उलटताना बोट तव्याला निमिषभर टेकलं, तर फारसं भाजत नाही. तेच बोट त्याच जागी पुन्हा पुन्हा टेकवत राहिलं तर? फेम्टोसेकंद लेझरबद्दल बोलताना हा दुसरा प्रश्न हमखास राहून जातो.

सेकंदाचे दहा कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे आणखी एक कोटी. तो एक फेम्टोसेकंद. अशा शे-दोनशे फेम्टोसेकंदांच्या पल्सने स्टेंटची नाजूक जाळी कापतात, इंजिनाच्या इंजेक्टरला केसाइतकी बारीक छिद्रं पाडतात. प्रकाशाची ऊर्जा आधी इलेक्ट्रॉन शोषतात. ती अणूंपर्यंत पोहोचायला काही पिकोसेकंद, म्हणजे हजारो फेम्टोसेकंद लागतात. तोवर पल्स संपलेला असतो. वरचा पातळ थर उडून जातो, शेजारचा धातू जवळपास तसाच राहतो. म्हणून याला ‘कोल्ड अ‍ॅब्लेशन’ म्हणतात.

हे खरं आहे, पण एका पल्सपुरतं. कारखान्यात सेकंदाला लाखो पल्स पडतात आणि प्रत्येक पल्स थोडी उष्णता मागे ठेवून जातो. दहा लाख पल्स असतील, तर निवायला वेळ मिळतो फक्त एक मायक्रोसेकंद. तांब्यातून उष्णता चटकन पसरते. स्टेनलेस स्टील तिला धरून बसतं (भांड्यांना तांब्याचा तळ उगाच देत नाहीत).

जर्मन संशोधकांनी २०१५ मध्ये स्टेनलेस स्टीलवरच हे मोजलं. पुढचा पल्स पडण्याआधी पृष्ठभाग साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर राहू लागला, की गुळगुळीत काम खडबडीत होतं. स्टील वितळतं १,४०० अंशांच्या आसपास. म्हणजे बिघाड त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो! सिलिकॉनची वेगळीच तऱ्हा: तापलं की ते जवळचा इन्फ्रारेड प्रकाश जास्त शोषतं. मशीनची सेटिंग तीच, पण गार आणि तापलेल्या वेफरवरचा कट सारखा येईलच असं नाही.

तरीही मशीन विकताना पल्स किती छोटा, याचाच गाजावाजा होतो. खरेदीदारानेही तेवढंच विचारून थांबणं चूक आहे. ठरलेल्या वेगाने तासभर काम चालल्यावर तुकडा किती तापतो, हे विचारायला हवं. निटिनॉलच्या स्टेंटमध्ये तर हे टाळून चालणारच नाही. तो कोणत्या तापमानाला आपला आकार घेणार, हेच त्या धातूला मिळालेल्या उष्णतेवर ठरतं.

उपाय आहेत. किरण वेगाने फिरवायचा, म्हणजे पल्स एकाच जागी साचत नाहीत. किंवा दोन फेऱ्यांमध्ये तुकड्याला निवू द्यायचं. यातला दुसरा उपाय सोपा, पण उत्पादन मंदावतं आणि म्हणूनच तो नकोसा वाटतो.

गंमत म्हणजे, काचेला काच जोडताना हीच साचलेली उष्णता मुद्दाम वापरतात. तिथे मात्र लेझरला कुणी ‘थंड’ म्हणत नाही.