आधी कुंपण, मग बियाणे

पावसाळ्याच्या तोंडी घरोघर भाजीपाल्याचे बियाणे वाटावे, परसबागांची संख्या नोंदवहीत भरावी आणि कार्य सिद्धीस गेले असे मानावे, ही रीत आता सोडली पाहिजे. ज्या परसाचे कुंपण मोडलेले आहे, तेथे पेरलेले बियाणे घरच्या मुलांच्या मुखी न पडता शेळ्या-कोंबड्यांच्या मुखी पडते.

नंदुरबार जिल्ह्यात ही बाब किरकोळ नव्हे. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांत बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न अनेक वर्षे शासनापुढे आहे. वाल, भोपळा, वांगी, शेवगा व पालेभाज्या परसात पिकल्या, तर त्या रोजच्या जेवणात येतात. तथापि सातपुड्यातील पाड्यांवर घरे विखुरलेली असतात व प्रत्येक घराला आपली राखण आपणच करावी लागते. कुंपणाला खिंडार पडले की राखणीचे काम लहान मुलांवर येते आणि त्यांची शाळा बुडते. मोडक्या कुंपणाची ही खरी किंमत होय.

कुंपण सर्वस्वी निकामी झाले, असे क्वचितच घडते. बांबू वा लाकडी खुंट बहुधा जमिनीलगतच कुजतो, कारण ओल व वाळवी तेथेच असते. वरचा भाग शाबूत राहतो. सबब सगळे कुंपण उपटून नवे घालण्यापेक्षा प्रत्येक खुंट हलवून पाहावा व जो डगमगेल तोच बदलावा. नव्या खुंटाचे बूड वरवर भाजून त्यास डांबर लावावे, तो दीड ते दोन फूट खोल पुरावा व भोवतीची माती ठोकून घट्ट करावी. बांबू हिवाळ्यात तोडलेला, पक्व व काही आठवडे पाण्यात भिजवून सुकविलेला असल्यास त्यास भुंगा कमी लागतो. कोंबड्या खालून शिरतात; म्हणून खालच्या फूटभर उंचीत कामट्यांची वीण दाट ठेवावी.

दरवर्षी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून काटेरी वई घालण्याची चाल मात्र आवरती घेतली पाहिजे. ती वई एक-दोन पावसाळ्यांत कुजते आणि पुन्हा झाडांवर कुऱ्हाड चालते. कुंपणच शेत खाते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. खिंडारात तात्पुरते काटे लावून त्यांच्या आश्रयाने निर्गुडीची अथवा मोगली एरंडाची छाटे पावसाच्या आरंभी फूटभर अंतरावर दोन ओळींत लावावीत. शेळ्या या झाडांना सहसा तोंड लावीत नाहीत. ती रुजली की गुडघाभर उंचीवर छाटावीत, म्हणजे बुडापासून फुटवे येऊन वई दाट होते. मोगली एरंडाचे बी विषारी असते, हे घरातील मुलांना बजावून सांगावे. लहान मुले असतील तेथे निर्गुडीच बरी.

तारेचे कुंपण घ्यावे, असे कोणी म्हणतील. शहादे-तळोदे भागातील केळी-पपईच्या बागांना तो खर्च परवडत असेल. चार वाफ्यांच्या परसाला तो परवडण्यासारखा नाही. तारेत घरगुती वीज सोडण्याचा विचार तर कोणी मनातही आणू नये. ते बेकायदेशीर आहे व त्यात माणसांचे बळी जातात.

एकट्या घराला मनुष्यबळ पुरत नाही, ही अडचण खरी आहे. परंतु पेरणी-कापणीस शेजारी एकमेकांच्या मदतीस जातात, तसेच उन्हाळ्याच्या अखेरीस एकेका घरचे कुंपण पाड्याने मिळून नीट करावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनीही बियाण्याची पुडी हाती देण्यापूर्वी परसाभोवती एक फेरी मारावी, खिंडारे मोजावीत व ती बुजविण्याचा दिवस घरच्या मंडळींशी ठरवावा. नोंदवहीत किती पुड्या वाटल्या याबरोबरच किती परसांची वई धड आहे, हेही लिहिले जावे. तसे झाले तरच बियाण्यावरील खर्च मुलांच्या ताटात भाजी होऊन उतरेल.