उद्या सकाळी विचारा

श्रावण जवळ आला की ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे वेध लागतात, आणि जुन्नर-आंबेगावच्या तालमींत एक जुनाच प्रश्न पुन्हा निघतो. उन्हाळ्यात गुडघा दुखावलेला पोरगा विचारतो, "वस्ताद, अजून दुखतंय. उतरू का?" तालमीत उत्तर मिळतं, "उतर, अंग तापलं की दुखणं पळतं." घरी आई म्हणते, "दुखायचं पुरतं थांबेस्तोवर मातीला पाय लावायचा नाही." दोन्ही पक्ष एकमेकांना अडाणी समजतात, माझ्या मते दोघांची चूक एकच आहे. जेवढं दुखतं तेवढी इजा, असं दोघंही धरून चालतात. एक त्या मापाला जुमानत नाही, दुसरा त्याच्यापुढे हात जोडतो.

तालमीचा पक्ष आधी घेऊ, टाळ्या त्यालाच जास्त मिळतात. 7 एप्रिल 2018 ला वानखेडेवर आयपीएलच्या सामन्यात पुण्याच्या क्रिकेटपटू केदार जाधवचा मांडीमागचा स्नायू दुखावला. तो बाहेर गेला, शेवटच्या जोडीला लंगडत परतला आणि चेन्नईला सामना जिंकून दिला. ही गोष्ट आपण हिमतीची म्हणून सांगतो. उरलेला सगळा हंगाम तो खेळू शकला नाही, हे मात्र गाळतो. त्या एका षटकानेच हंगाम गेला असं मी म्हणत नाही; पण हिशेबाचं ते पान फाडून टाकणंही बरं नव्हे. अंग तापल्यावर दुखणं कमी होतं हे खरं, आणि फसवंही तेच. कुस्ती उरकते, अंग निवतं आणि रात्री पाय बोलायला लागतो. दुखणं दाबणारी सुई टोचून उतरणाऱ्याचं तर विचारूच नका.

आता आईचा पक्ष. 1998 साली स्वीडनचे डॉक्टर हॉकन आल्फ्रेडसन यांनी टाचेमागच्या कंडरेचं जुनाट दुखणं असलेल्या 15 हौशी धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायला लावली. रोज दोनदा, 12 आठवडे, आणि दुखलं तरी. पंधराही जण पुन्हा पळू लागले. विश्रांतीने जे साधलं नव्हतं ते मोजून दिलेल्या भाराने साधलं. ताज्या फाटक्या लिगामेंटला किंवा हाडाच्या चिरेला हा उपाय लावू नये, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

आपल्याकडे उसात बिबट्या येऊन गेला की वस्तीवरचं कुत्रं पुढे महिनाभर पाचट सळसळलं तरी भुंकतं. दुखापतीनंतरच्या मज्जासंस्थेचं तसंच होतं. भुंकणं खोटं नसतं, पण दरवेळी बिबट्या असतोच असं नाही. आणि कुत्रं गप्प म्हणजे रान मोकळं, असंही नाही. गुडघ्यातलं लिगामेंट शस्त्रक्रियेने नवं बसवल्यावर तीन-चार महिन्यांत दुखणं बहुधा सरतं. कबड्डीपटू चढाईला निघतो, आत नवा दोर अजून कच्चाच असतो. नॉर्वेतल्या 2016 च्या एका अभ्यासात मैदानावर परतणं नवव्या महिन्यापर्यंत जेवढं लांबलं, तेवढा पुन्हा दुखापतीचा धोका घटला, दर महिन्याला जवळपास निम्म्याने. "आता दुखत नाही" हा परवाना नव्हे. दोन्ही पायांचं बळ सारखं आहे का, एका पायावर उडी मारून तोल राहतो का, हे तपासून घ्यायचं.

मग दुखण्याला विचारायचं काय? किती दुखतंय एवढंच नाही, तर उद्या सकाळी काय म्हणतंय. स्वीडनमध्येच कंडरेच्या दुखण्यासाठी पुढे रुळलेली रीत अशी: शून्य ते दहाच्या पट्टीवर व्यायामात पाचापर्यंत दुखलेलं चालतं, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते खाली यायला हवं आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. शिवनेरीच्या पायऱ्यांवर सराव करणाऱ्यांनी चढणीपेक्षा उतरणीचा हिशेब ठेवावा. गुडघ्याच्या वाटीवर खरा भार तिथे पडतो. सकाळी गुडघा कालसारखाच असेल तर आणखी थोड्या पायऱ्या, कुरकुरत असेल तर कमी. सूज, गुडघा अडकणं किंवा निसटणं, झोपमोड करणारी कळ, हाडावर बोटाने दाखवता येणारी जागा, यांना मात्र ही पट्टी लावायची नाही. थेट डॉक्टर गाठायचा.

वस्ताद म्हणतील, सकाळची वाट बघत बसलो तर इनामाची कुस्ती हातची जाते. जाईल. हा आक्षेप खरा आहे, आणि ज्याच्या घरी त्या इनामावर खुराक चालतो त्याला मी इथे बसून शहाणपण शिकवणार नाही. पण यात्रा श्रावणातल्या प्रत्येक सोमवारी भरते, आणि सोमवार चार तरी येतातच.