पद्माकर शिवलकर

३ मार्च २०२५ रोजीं पद्माकर शिवलकर निवर्तले, तेव्हांपासून नाशकांतील आमच्या समवयस्क मंडळींत एकच वाद चालू आहे. प्रथम श्रेणींत ५८९ बळी, आणि कसोटी सामना एकही नाहीं!

१९७३ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मद्रासेस त्यांनीं पहिल्या डावांत १६ धावांत ८ व दुसऱ्यांत १८ धावांत ५ गडी टिपले. आम्ही तेव्हां शाळेंत होतों; ते आंकडे आम्हां मुलांस पाढ्यांपेक्षां लवकर पाठ झाले. बिशनसिंग बेदींचें थोरपण कोण नाकारील? परंतु संघांत दोन डावरे फिरकी गोलंदाज नकोत, हा दंडक कोणत्या शास्त्रांतला?

सत्तेचाळिसाव्या वर्षीं ते मुंबईसाठीं पुनः मैदानांत उतरले. नियामक मंडळानें नायडू पुरस्कार दिला तो २०१७ सालीं. तेव्हां त्यांचें वय शहात्तर होतें.