बांध मोकळा नको, जिता हवा



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही गटागटांतून फिरतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत सलते. उसाला ऊस भिडला आहे आणि मधला बांध हातभरही राहिलेला नाही. दोन्ही बाजूंनी नांगराचा फाळ लागून तो झिजला. जो उरला तो तणनाशकाने पिवळा पडला, नाही तर पाचटाबरोबर जळून काळा झाला. याच बांधांवर एके काळी निरगुडी, शेवरी, घायपात असायची.

यात आमचाही दोष आहे. 'बांध चकाचक ठेवा, किडीला लपायला जागा ठेवू नका' असे आम्हीच वर्षानुवर्षे सांगत आलो. तो सल्ला अर्धवट होता. कीड जिथे लपते तिथेच किडीचा वैरीही राहतो, ही दुसरी बाजू आम्ही सांगितली नाही.

२००२ साल आठवा. सांगलीकडून लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातला ऊस पांढरा झाला. वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरता येईना आणि औषधाचा खर्च परवडेना. आम्ही त्या वेळी पदविका घेऊन नुकतेच नोकरीला लागलो होतो. मावा हटला तो मुख्यतः डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांमुळे. ते असलेली उसाची पाने कापून एका शेतातून दुसऱ्या शेतात नेऊन बांधली गेली आणि जिथे मित्रकीटक दिसतील तिथे फवारणी करू नका असे सांगितले गेले. मावा खाणाऱ्या सिरफिड माशीच्या अळ्याही त्यात होत्या. ही माशी अळी असताना मावा खाते, पण मोठी झाल्यावर फुलांतल्या परागावर आणि मधावर जगते. फूल नसेल तर ती तिथे टिकत नाही.

ट्रायकोकार्डाचेही तेच. खोडकिडीसाठी आपण कार्डे लावतो. त्यातून निघणारी गांधीलमाशी टाचणीच्या टोकाएवढी. तिचे आयुष्य काही दिवसांचे. फुलातला मध मिळाला तर ती जास्त दिवस जगते आणि किडीच्या जास्त अंड्यांत आपली अंडी घालते. उसाच्या तुऱ्यात मध नसतो. म्हणजे पैसे देऊन पाहुणा घरी आणायचा आणि त्याला उपाशी ठेवायचे, असा आपला कारभार चालला आहे.

झुडुपे असली की कोतवाल, साळुंकी बसतात आणि अळ्या टिपतात. कांद्याचे बी धरणाऱ्या सभासदांना मधमाशीचे मोल वेगळे सांगायला नको. गोंड्यावर माशी फिरली नाही तर बी भरत नाही.

आता हरकती. पहिली हरकत : "साहेब, बांधावर झाड लावलं की हुमणी आलीच समजा." ही हरकत खरी आहे, ती आम्ही उडवून लावणार नाही. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोर यांवर पाला खायला जमतात. म्हणून बांधासाठी ही झाडे आम्ही सुचवीत नाही. जी आधीची आहेत त्यांचा सापळा करा. रात्री फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. मात्र हे सगळ्या शिवाराने एकदम केले तरच उपयोग.

दुसरी हरकत जागेची. चौरस एकराची एक बाजू सुमारे २०९ फूट. तिच्यावर ३ फुटांचा पट्टा सोडला तर ४० गुंठ्यांतली अर्ध्या गुंठ्याहून थोडीच जास्त जागा जाते. झुडूप छातीएवढे ठेवून वर्षातून दोनदा छाटले तर सावलीचा त्रासही फारसा नाही. गिरिपुष्पाचा छाटलेला पाला सरीत टाका, तेच हिरवळीचे खत.

तिसरी गोष्ट हरकतीची नव्हे, फायद्याची. बांध कोरण्यावरून भाऊभाऊ कोर्टात गेलेले आपण पाहिले आहेत. दोघांनी मिळून लावलेली झुडुपांची रांग असली की फाळ तिथेच थांबतो.

काय लावावे? निरगुडी, गिरिपुष्प, शेवरी, करवंद आणि मधूनमधून तूर. एकाच जातीची रांग नको. एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा यावा. घाणेरी आणि वेडी बाभूळ मात्र मुळीच नको, ती शेतात घुसतात. पाऊस लागला की जून-जुलैत दोन-तीन फुटांवर लावा आणि पहिले वर्ष शेळ्यांपासून जपा. निरगुडीला शेळी सहसा तोंड लावत नाही, ती बाहेरच्या अंगाला घ्या.

एकट्याने हे साधत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, ती सगळ्या गावाने पाळली म्हणून टिकली. कारखाना ऊस बेण्यासाठी पैसा खर्च करतो, तसा रोपवाटिकेचा एक कोपरा बांधाच्या रोपांसाठी ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही संचालक मंडळापुढे मांडणार आहोत. वार्षिक सभेत सभासदांनीही हा विषय काढावा.

तोवर एवढे करा. यंदा खोडव्याचे पाचट पेटवू नका आणि निदान एका बांधावर तणनाशक मारू नका. शेजाऱ्याला बोलवा, दोघे मिळून बांधावर उभे राहा आणि रांग कुठून धरायची ते ठरवा. आमचे गट कर्मचारी आखून द्यायला येतील.